पहिला प्रबंध करताना: प्रश्न ठरवण्यापासून मौखिकीपर्यंत

प्रबंध रखडला की सगळे म्हणतात, लिहून होत नाही. पण अशा प्रबंधाची अडचण शोधत मागे गेलं, तर ती बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांत सापडते. एक तर प्रश्न धड ठरलेला नसतो, नाहीतर त्या प्रश्नाला लागणारी सामग्री हाती येणारीच नसते. म्हणून इथे सुरुवातीच्या पायऱ्यांवर जास्त वेळ घालवला आहे. मानव्यविद्या, शिक्षणशास्त्र आणि व्यवस्थापन या तिन्ही शाखांच्या पद्धती वेगळ्या असल्या, तरी परीक्षक शेवटी एकच विचारतो: हे तुम्ही कशावरून म्हणता? त्याचं उत्तर पानोपानी तयार असावं, एवढ्यासाठीच पुढचा सगळा खटाटोप.

पायरी १: विषयाचा प्रश्न करा

‘स्त्रियांची आत्मचरित्रं’, ‘ऑनलाइन शिक्षण’, ‘ग्राहकांचं समाधान’ हे विषय झाले. विषयावर कितीही लिहिता येतं, आणि नेमकी तीच अडचण आहे. प्रबंधाला प्रश्न लागतो, कारण प्रश्नाचं उत्तर मिळालं की थांबता येतं.

एका कागदावर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा, शेवटी प्रश्नचिन्हासह. खाली दोन रकाने करा. डावीकडे लिहा: उत्तर ‘हो’ असेल तर मला नेमकं काय दिसेल? उजवीकडे: ‘नाही’ असेल तर काय दिसेल? दोन्हीकडे साधारण सारखंच उतरत असेल, किंवा उजवा रकाना कोराच राहत असेल, तर प्रश्न अजून झालेला नाही. ‘का’ आणि ‘कसं’ने सुरू होणाऱ्या प्रश्नांनाही ही कसोटी लावता येते, तिथे रकाने दोनऐवजी शक्य असलेल्या उत्तरांइतके करायचे.

‘ऑनलाइन शिक्षणाचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम’ हा विषय घेऊन बघू. कोणते विद्यार्थी? नववीचे. कशावर परिणाम? बीजगणितातल्या एका प्रकरणाच्या आकलनावर. ऑनलाइन म्हणजे नेमकं काय? आठवड्यातून दोनदा, पाच-पाच प्रश्नांची चाचणी. मोजणार कशाने? प्रकरण संपल्यावरच्या समान परीक्षेने. तुलना कोणाशी? अशा चाचण्या न घेतलेल्या वर्गांशी. आता प्रश्न असा होतो: ‘नववीच्या बीजगणिताच्या एका प्रकरणात आठवड्याला दोन छोट्या ऑनलाइन चाचण्या दिलेल्या वर्गांचे प्रकरणाअखेरचे गुण, त्या न दिलेल्या वर्गांपेक्षा वेगळे येतात का?’ हा फारच लहान वाटतो ना? पदव्युत्तर प्रबंधाला तो अगदी पुरेसा आहे, आणि खरं तर त्यातही घाम निघतो.

मानव्यविद्येत असंच एखाद्या कादंबरीकाराच्या ‘स्त्रीचित्रणा’पाशी न थांबता विचारता येतं: मासिकात क्रमशः आलेल्या आणि नंतर पुस्तकरूपाने निघालेल्या पाठांत नायिकेच्या संवादांत कोणते फेरफार झाले, आणि ते एका दिशेने झाले आहेत का? व्यवस्थापनात ‘नेतृत्वशैलीचा परिणाम’ बाजूला ठेवून: ज्या शाखांत नव्या माणसाला रुजू होताच एक अनुभवी सहकारी जोडून दिला जातो, तिथे पहिल्या वर्षात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण कमी आहे का?

या तिन्ही प्रश्नांत एक गोष्ट सारखी आहे. वाचल्याबरोबर कळतं, की उत्तरासाठी काय हाती लागायला हवं: दोन पाठ, किंवा वर्गांचे गुण, किंवा शाखानिहाय नोंदी. आराखडा मांडायच्या आधी ही सामग्री खरोखर मिळते का, ते तपासा.

पायरी २: सामग्री मिळणार आहे का?

हे काम दोन आठवड्यांत उरकायचं, पण टाळायचं नाही.

संग्रहालयात किंवा अभिलेखागारात जायचं असेल तर आधी सूची बघा आणि पत्र लिहून विचारा: हा संग्रह वाचकांना खुला आहे का, एका दिवसात किती पेट्या मिळतात, फोटो काढू देतात का, छापायला वेगळी परवानगी लागते का. कागदपत्रांची लिपी आणि हस्ताक्षर तुम्हाला वाचता येतं का, हेही एखाद-दुसरं पान मागवून तपासा. सूचीत ‘पत्रव्यवहार’ म्हणून नोंद असते आणि प्रत्यक्षात निघतात निव्वळ पावत्या, असं होतं.

शाळेत काम असेल तर परवानगीचे तीन थर असतात: संस्थाप्रमुख, पालक, आणि मूल स्वतः. पालकांनी सही केली म्हणून मुलाने ‘हो’ म्हटलंच असं होत नाही. त्याला त्याच्या भाषेत समजावून विचारावं लागतं, आणि मधेच ‘मला नको’ म्हणायची मोकळीक द्यावी लागते. नैतिकता समितीची मंजुरी हातात येईपर्यंत एकही प्रश्नावली वाटू नका. आधी गोळा केलेल्या माहितीला नंतर मंजुरी मिळत नाही, ती वाया जाते. माणसांवरच्या संशोधनाच्या आजच्या नियमांमागची व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वं १९७९ च्या बेलमाँट अहवालात एकत्र मांडली गेली. समितीचा अर्ज भरताना ती डोळ्यांसमोर ठेवली, तर कुठला रकाना कशासाठी आहे ते आपोआप उमगतं.

कंपनीकडून माहिती घेताना तोंडी ‘हो’वर विसंबू नका. ज्यांनी होकार दिला त्यांची बदली होते, आणि मग नवे साहेब नोंदी द्यायला तयार नसतात. पत्रावर पाच गोष्टी हव्यात: कोणत्या नोंदी, कोणत्या काळाच्या, कोण देणार, प्रबंधात कंपनीचं नाव येणार की नाही, आणि निष्कर्ष न आवडल्यास कंपनीला ते अडवता येतील का. शेवटची बाब लिहून घेणं अवघडल्यासारखं वाटतं, पण सादरीकरणाच्या महिनाभर आधी वाद होण्यापेक्षा ते बरं.

सामग्री मिळत नसेल तर प्रश्न बदला. नोंदी मिळत नाहीत म्हणून त्यांच्या जागी ‘लोकांना काय वाटतं’ अशी प्रश्नावली टाकून मूळ प्रश्न तसाच ठेवणं ही फार मोठी आणि फार नेहमीची चूक आहे. नोकरी सोडण्याचं प्रमाण आणि नोकरी सोडावीशी वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीवर प्रबंध करा, हरकत नाही. मग शीर्षकापासून तसं म्हणा.

पायरी ३: आधीचं वाचन

शोध घेताना प्रश्नातल्या प्रत्येक मुख्य संकल्पनेचा एक रकाना करा आणि त्याखाली तिची सगळी नावं लिहा. ‘छोटी चाचणी’ला वेगवेगळ्या लेखकांनी क्विझ, फॉर्मेटिव्ह असेसमेंट, रिट्रीव्हल प्रॅक्टिस असं काहीही म्हटलेलं असतं. एका रकान्यातले शब्द ‘किंवा’ने जोडायचे, रकाने एकमेकांशी ‘आणि’ने, नेमका शब्दसमूह हवा तर अवतरणचिन्हांत. शिक्षणशास्त्रासाठी १९६४ पासून चालत आलेला एरिक हा संग्रह मोफत आहे आणि तिथे त्याची स्वतःची विषयशब्दांची यादी मिळते. तुमचा शब्द चालत नसेल तर त्या यादीतला वापरून बघा. मानव्यविद्येत जेस्टोर हा नियतकालिकांचा संग्रह उपयोगी, मात्र तिथल्या अनेक नियतकालिकांचे अगदी ताजे अंक नसतात. गूगल स्कॉलर सगळं एका ठिकाणी आणतं, पण चांगलं-वाईट निवडून देत नाही.

नेमका सापडलेला एक लेख दहा शोधांच्या तोडीचा असतो. त्याच्या संदर्भयादीतून मागे जा, आणि त्याला पुढे कोणी कोणी उद्धृत केलं त्या यादीतून पुढे. नवा लेख उघडल्यावर त्याच्या यादीतली बहुतेक नावं ओळखीची वाटू लागली, की शोध थांबवायला हरकत नाही.

वाचलेल्या प्रत्येक लेखाची एक ओळ तक्त्यात भरा: लेखकाचा प्रश्न, सामग्री किंवा नमुना, पद्धत, काय सापडलं, माझ्या प्रश्नाशी संबंध. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो लेख प्रबंधात घालू नका, कितीही मेहनतीने वाचलेला असला तरी. पूर्वसंशोधनाचं प्रकरण लिहिताना हा तक्ता आडवा न वाचता उभा वाचायचा. ‘अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं’ अशी एका परिच्छेदाला एक लेखक ही रांग लागते, ती तक्ता आडवा वाचल्यामुळे. उभं वाचलं की दिसतं: सात जणांनी गुण मोजले, सगळ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थी घेतले, शाळेतली मुलं कोणीच घेतली नाहीत. तुमच्या प्रबंधाची जागा तिथे असते.

टिपणं काढताना जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य त्याच क्षणी अवतरणात टाका आणि पान क्रमांक लिहा. वाङ्मयचौर्याची बरीच प्रकरणं लबाडीतून येत नाहीत. सहा महिन्यांपूर्वीची टिपणं उघडली जातात, वाक्य स्वतःचंच वाटतं आणि प्रबंधात जातं. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा टक्का कमी आला म्हणून सुटका झाली असंही नाही. शब्द बदलून उचललेला विचार त्याला पकडता येत नाही, आणि रीतसर दिलेली अवतरणं मात्र तो मोजतो.

संदर्भांच्या नोंदी सांभाळण्यासाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा. २००६ पासून उपलब्ध आहे आणि मोफत आहे. पण आपोआप आलेली नोंद तशीच स्वीकारू नका. लेखकाचं नाव-आडनाव उलटं येतं, संपादक लेखकाच्या जागी जाऊन बसतो, वर्ष मूळ प्रकाशनाऐवजी पुनर्मुद्रणाचं पडतं. आणखी एक गोष्ट निक्षून सांगायला हवी: एआय साधनांनी सुचवलेला संदर्भ स्वतः उघडून वाचल्याशिवाय यादीत घेऊ नका. ही साधनं खऱ्या लेखकाच्या नावावर अस्तित्वात नसलेला लेख बेमालूम रचतात, वर्ष-खंड-पानांसकट. असा एक जरी सापडला, तर परीक्षक उरलेल्या सगळ्या यादीकडे संशयाने बघतो.

पायरी ४: पद्धत, शाखेनुसार

मानव्यविद्या. कोणती आवृत्ती वापरली ते पहिल्याच प्रकरणात सांगा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. अनुवादावरून काम करत असाल, तर शब्दनिवडीवर युक्तिवाद रचू नका; ती निवड अनुवादकाची असते. अभिलेखागारात पेटी उघडली की पहिला फोटो पेटीवरच्या चिठ्ठीचा, दुसरा फाइलच्या मुखपृष्ठाचा, मग पानं. हा क्रम मोडला तर घरी आल्यावर चारशे फोटो असतात आणि कुठलं पान कुठल्या फाइलचं, ते कळत नाही. तारीख कागदावर जशी असेल तशी उतरवा आणि आजच्या कालगणनेतली वेगळ्या रकान्यात लिहा. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून तिथल्या जुन्या कागदावरचा ‘फेब्रुवारी १७१०’ आपल्या हिशोबाने १७११ चा असू शकतो. एवढ्या एका फरकाने पत्र आधीचं की उत्तर आधीचं, हा क्रमच उलटतो.

शिक्षणशास्त्र. इथे सगळ्यात जास्त चकवणारी बाब म्हणजे वर्ग. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात: शिक्षक एक, वेळ एक, दंगाही एकच. त्यामुळे ३०० मुलं म्हणजे ३०० स्वतंत्र नोंदी नव्हेत. याचा हिशोब असा: १ + (वर्गातली मुलं − १) × वर्गांतर्गत साम्याचा गुणांक (एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी किती, ते सांगणारा आकडा). वर्गात ३० मुलं आणि गुणांक ०.२० धरला, तर १ + २९ × ०.२० = ६.८. या आकड्याने एकूण मुलांना भागायचं: ३०० ÷ ६.८, म्हणजे दहा वर्गांतल्या ३०० मुलांचं वजन सुमारे ४४ स्वतंत्र मुलांइतकंच भरतं. एक वर्ग प्रयोगाला आणि एक तुलनेला घेऊन काढलेला निष्कर्ष त्यामुळेच लटका पडतो. फरक पद्धतीचा की शिक्षकाचा, हे सांगताच येत नाही. शक्य असेल तर मुलं कमी चालतील, वर्ग वाढवा.

दुसरी गफलत उपचारात्मक अध्यापनावरच्या प्रबंधांत दिसते. पूर्वचाचणीत सगळ्यात कमी गुण मिळालेली मुलं निवडली, महिनाभर शिकवलं, उत्तरचाचणीत गुण वाढले. त्यातले काही गुण काहीच न शिकवताही वाढले असते, कारण पहिल्या दिवशी तळाला असलेल्यांत काहींचा दिवसच वाईट गेलेला असतो आणि पुढच्या वेळी ते आपोआप मध्याकडे सरकतात. तितकेच कमी गुण मिळालेला तुलनागट असल्याशिवाय हे वेगळं काढता येत नाही.

व्यवस्थापन. वार्षिक अहवालांतले आकडे घेणार असाल, तर आधी ठरवा: मूळ कंपनीचेच की उपकंपन्यांसह एकत्रित? दहा वर्षांत पाच वर्षं एक आणि पाच वर्षं दुसरे घेतले, की मधोमध एक उडी दिसते आणि तिचं कारण शोधण्यात आठवडा जातो. सगळ्यांचं आर्थिक वर्ष एकाच महिन्यात संपत नाही, तेही बघा. मागच्या वर्षाचा आकडा पुढच्या अहवालात सुधारून छापला जातो. कोणता घेतला, ते नोंदवा. आणि आज चालू असलेल्या कंपन्यांचीच यादी घेऊन दहा वर्षं मागे जाऊ नका. बुडालेल्या कंपन्या त्या यादीत नाहीत, म्हणून प्रत्येक धोरण यशस्वी दिसतं.

पायरी ५: किती जण घ्यायचे?

सर्वेक्षणाच्या प्रबंधांत ३८४ हा आकडा वारंवार दिसतो. तो येतो १.९६ चा वर्ग × ०.५ × ०.५ ÷ ०.०५ चा वर्ग या हिशोबातून: ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक. क्रेज्सी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात हेच लोकसंख्येनुसार मांडलं आहे; १०० जणांतून ८०, १,००० जणांतून २७८, १०,००० जणांतून ३७०, आणि एक लाखाच्या पुढे ३८४. पण हा सगळा हिशोब यदृच्छ निवड (चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी, प्रत्येकाला सारखी संधी देणारी) धरून आहे. समाजमाध्यमांवर लिंक टाकून आलेली ३८४ उत्तरं म्हणजे तो नमुना नव्हे. सोयीने घेतलेला नमुना असेल तर तसं लिहा. तक्त्याचा आधार देऊ नका.

दोन गटांच्या सरासरीची तुलना असेल, तर तो तक्ता लागूच पडत नाही. तिथे मध्यम आकाराचा फरक (०.५ प्रमाण विचलन) ८० टक्के वेळा पकडता यावा म्हणून प्रत्येक गटात ६४ जण लागतात. लहान फरक शोधायचा तर संख्या झपाट्याने वाढते.

मुलाखतींना असं सूत्र नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० मुलाखती तपासल्या, तेव्हा बहुतेक सगळी आशयसूत्रं (उत्तरांतून पुन्हा पुन्हा निघणारे मुद्दे) पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेली होती, आणि तेव्हापासून ‘बारा पुरे’ अशी समजूत पसरली. मुलाखती दिलेल्या सगळ्या स्त्रिया होत्या, त्या बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही ठरलेले होते, हे मात्र विसरलं जातं. तुमच्याकडे शिक्षक, पालक आणि संस्थाचालक असे तीन गट असतील, तर चार-चार घेऊन बारा झाले असं म्हणता येत नाही. वेळेचाही अंदाज घ्या: तासाभराचं ध्वनिमुद्रण उतरवायला चार ते सहा तास लागतात. पाऊण तासाच्या बारा मुलाखती म्हणजे ३६ ते ५४ तासांचं निव्वळ लेखन.

पायरी ६: प्रश्नावली

‘माझे वरिष्ठ मला पुरेसा वेळ देतात आणि माझ्या कामाचं कौतुक करतात.’ सहमत की असहमत? वेळ देतात, कौतुक करत नाहीत, अशा माणसाने काय भरायचं? तो मधला पर्याय निवडतो, आणि विश्लेषणात तो ‘तटस्थ’ म्हणून मोजला जातो. ‘आणि’, ‘तसेच’, ‘व’ असलेलं प्रत्येक विधान तोडून दोन करा.

आधी तयार झालेलं, तपासलेलं मापन मिळत असेल तर तेच घ्या, परवानगी घेऊन. अनुवाद करायचा असेल तर एकाने करावा, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने तो उलट मूळ भाषेत आणावा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघावं. उलट अर्थाची विधानं असतील तर ती कोणती, ते आधीच खुणेने नोंदवा. पाच बिंदूंच्या मापनात त्यांचे गुण ‘६ वजा उत्तर’ असे फिरवावे लागतात. हे फिरवायचं राहिलं की अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, ते सांगणारा आकडा) अचानक घसरतो, कधी ऋणही येतो. म्हणून अल्फा वाईट आला तर विधानं काढायच्या आधी हे तपासा.

चाचपणी दोन टप्प्यांत करा. आधी तीन-चार जणांना शेजारी बसवून प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि डोक्यात काय आलं ते बोलायला सांगा. प्रश्नावलीतले निम्मे दोष इथेच सापडतात. मग २५-३० जणांकडून भरून घ्या आणि वेळ मोजा. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर विधानं कमी करा. शेवटच्या पानावर सगळीकडे ‘३’ भरलेला दिसतो तो कंटाळ्याचा.

पायरी ७: माहिती सांभाळणं आणि तपासणं

मूळ फाइलची एक प्रत ‘फक्त वाचण्यासाठी’ करून बाजूला ठेवा. तिला हात लावायचा नाही. काम दुसऱ्या प्रतीवर. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या जागी. नावं आणि दूरध्वनी क्रमांक असलेली फाइल उत्तरांच्या फाइलपासून वेगळी, कुलूपबंद. दोन्हींना जोडणारा फक्त क्रमांक.

न मिळालेल्या उत्तरासाठी ९९ भरण्याची पद्धत आहे. सॉफ्टवेअरला तसं सांगायचं राहिलं तर काय होतं बघा. १०० कर्मचाऱ्यांपैकी ९६ जणांचं सरासरी वय ३४; चौघांनी वय भरलं नाही, तिथे ९९. सरासरी येते ३६.६. हा आकडा इतका पटण्यासारखा आहे की कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून विश्लेषणाआधी प्रत्येक रकान्याचा किमान आणि कमाल आकडा बघायचा; दहा मिनिटांचं काम. एक्सेलमध्ये एकच रकाना निवडून क्रम लावला, तर प्रत्येकाची उत्तरं दुसऱ्याच्या नावावर जातात आणि फाइल वरून व्यवस्थित दिसत राहते. ती चूक दुरुस्त होते फक्त बाजूला ठेवलेल्या मूळ प्रतीवरून.

अल्फा ०.७० च्या वर आला म्हणजे मापन चांगलं, असं सरसकट लिहिलं जातं. अल्फा विधानांच्या संख्येबरोबर वाढतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध अवघा ०.२० असला, तरी १० विधानांचा अल्फा सुमारे ०.७१ येतो आणि तशाच २० विधानांचा ०.८३. विधानं एकाच गोष्टीबद्दल आहेत, हे त्याने सिद्ध होत नाही.

सार्थकतेच्या, म्हणजे निष्कर्ष निव्वळ योगायोगाचा नसावा असं सांगणाऱ्या आकड्याबद्दलही असंच. ४०० जणांच्या नमुन्यात ०.१० इतका क्षीण सहसंबंध ०.०५ च्या पातळीवर सार्थ ठरतो. म्हणजे एका गोष्टीतल्या फरकापैकी फक्त १ टक्का दुसरीशी जोडलेला आहे. ‘सार्थ’ हा शब्द वापरायचाच असेल तर शेजारी परिणामाचा आकार द्या. आणि एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच प्रश्नावलीत भरलेल्या दोन गोष्टींच्या सहसंबंधावरून ‘यामुळे ते होतं’ असं लिहू नका.

मुलाखतींच्या विश्लेषणात एक खूण लक्षात ठेवा. तुमची आशयसूत्रं आणि मुलाखतीतले प्रश्न सारखेच दिसत असतील (‘अडचणी’, ‘फायदे’, ‘सूचना’), तर विश्लेषण अजून सुरू झालेलं नाही. उत्तरं फक्त खणांत टाकून झाली. ‘अडचणी’ हे सूत्र नव्हे. ‘अडचण सांगितली की ती आपल्याच कामातली उणीव ठरते, म्हणून शिक्षक गप्प राहतात’ हे सूत्र आहे, कारण ते खरं की खोटं, हे मुलाखतींत जाऊन तपासता येतं. न जुळणाऱ्या मुलाखती मुद्दाम शोधा आणि प्रबंधात दाखवा.

पायरी ८: लिहिणं

पहिल्या पानापासून लिहायला बसू नका. पद्धतीचं प्रकरण सगळ्यात आधी, तेही काम चालू असतानाच. तीन महिन्यांनी किती प्रश्नावल्या वाटल्या आणि किती परत आल्या, हे आठवत नाही. मग निष्कर्षांचं, मग पूर्वसंशोधन, मग चर्चा, त्यानंतर प्रस्तावना आणि सगळ्यात शेवटी सारांश. साहित्य किंवा इतिहासाच्या प्रबंधात अशी खाती नसतात. तिथे ज्या उताऱ्याबद्दल किंवा कागदाबद्दल तुम्हाला सर्वांत जास्त म्हणायचं आहे, त्यापासून सुरू करा.

निष्कर्षांच्या प्रकरणात फक्त काय आढळलं ते, आणि अर्थ लावणं चर्चेत. संदर्भपद्धती विभागाला विचारून पहिल्याच आठवड्यात ठरवा; शिक्षण आणि व्यवस्थापनात बहुधा एपीए (सातवी आवृत्ती), साहित्यात एमएलए, इतिहासात शिकागो चालते.

मार्गदर्शकांच्या भेटीआधी दोन दिवस एक पान पाठवा: काय झालं, कुठे अडलं, कोणते दोन निर्णय हवे आहेत. ‘वाचून सांगा’ म्हणून साठ पानं पाठवली तर महिनाभर उत्तर येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. भेट संपल्यावर त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टी चार ओळींत त्यांना लिहून कळवा.

पायरी ९: मौखिकी आणि दुरुस्त्या

प्रबंधाची छापील प्रत घ्या आणि प्रत्येक ठाम विधानाच्या समासात लिहा: पान, फाइल, तक्ता किंवा मुलाखत क्रमांक. जिथे समास कोरा राहील तिथे परीक्षक बोट ठेवणार आहे. विधान मवाळ करा किंवा आधार शोधा. याच प्रतीसह मौखिकीला बसा.

विचारलं जाणारं बरंचसं आधी ओळखता येतं: हाच नमुना का, दुसरी पद्धत का नाही, निष्कर्ष कुठपर्यंत लागू, पुन्हा केलं तर काय बदलाल. मर्यादा विचारल्या की ‘वेळ कमी पडला’ हे उत्तर देऊ नका. वेळ सगळ्यांनाच कमी पडतो. ‘दहाच वर्ग होते, म्हणून शिक्षकाचा प्रभाव वेगळा काढता आला नाही’ असं नेमकं सांगा.

दुरुस्त्या आल्या की तीन रकान्यांचा तक्ता करा: परीक्षकांची सूचना त्यांच्याच शब्दांत, तुम्ही काय बदललं, कोणत्या पानावर. एखादी सूचना पटली नसेल तर मधल्या रकान्यात कारण लिहा. हा तक्ता दुरुस्त प्रतीच्या वर जोडून द्यायचा. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं संमतीपत्रात ज्या तारखेपर्यंत ठेवू असं लिहून दिलं होतं, ती तारीख आता दिनदर्शिकेत नोंदवून ठेवा; त्या दिवशी ती पुसायची आहेत.